मोकळी पट्टी

हुतुतूचं मैदान पायांनी बनतं, असं महादेव मुकादम म्हणायचा, आणि ते खरंच तसं बनायचं. पनवेलच्या खाडीवर ज्यांनी मिठागरात हाडं झिजवली त्यांना हे सांगायला नको. दिवाळी सरली की आगरातला चिखल जरा आवळतो. मग गडी ओळीनं हातात हात धरून उभे राहतात आणि दिवसचे दिवस तो तुडवतात. जमीन अशी घट्ट व्हायला पाहिजे की वरचं खारं पाणी खाली जाता कामा नये. गावचं मैदानही तसंच, एका जुन्या आगरात केलेलं. खेळणारे सात गडी, सातांची साखळी, आणि ज्याची पट्टी त्याची. या बांधापासून त्या बांधापर्यंत आपल्याच पट्टीत पाय मारत जायचं. दुसऱ्याच्या पट्टीत टाचसुद्धा घालायची नाही.

आता यात एक रीत होती, बापजाद्यांची. गडी आजारी पडला, कुठं गावाला गेला, तर त्याची जागा मोकळी सोडायची. दोन्ही अंगांचे हात तसेच लोंबते ठेवायचे. ते हात एकमेकांत घालून साखळी जोडायची आणि त्याची पट्टी तुडवायची, ती गडी मेला तरच. जित्याच्या जागेवर साखळी जोडली तर तो वर्ष काढत नाही, असं सगळं गाव मानायचं. कोणी एकानं मागं मस्करीत जोडली होती म्हणे. त्याचं पुढं काय झालं ते विचारलं की म्हातारे उठून जायचे.

साखळीत तिसरा भगवान, चौथा काशीराम.

भगवान म्हंजे गावाचा मोर. चढाईला निघाला की बायका डोक्यावरचे हंडे विसरायच्या. दम असा की समोरचे थकायचे, याचा आवाज तुटायचा नाही. काशीराम आपला पकडीचा गडी. वाकून उभा राहायचा आणि आलेल्याचा घोटा धरायचा, बस. भगवान गडी मारून आला की लोक टोप्या उडवायचे. काशीरामानं पकड केली की लोक म्हणायचे, "तो बघा, पडला." कोणी पाडला ते विचारायची रीत नव्हती. काशीरामाला त्याचं काही वाटायचं नाही. भगवान त्याचा लहानपणचा सोबती, आणि आता त्याच्या धाकट्या बहिणीचा, भामाचा नवरा.

त्या वर्षी भगवान मुंबईतच राहिला. कुठल्या कुठल्या मंडळांकडून खेळायचा, मटण खायचा, गळ्यात हार घालून फिरायचा. माघातल्या जत्रेच्या सामन्याला एका गिरणीचा साहेब त्याला बघायला येणार होता. पसंत पडला तर कायमची नोकरी. भामाला दिवस गेलेले. घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं.

तुडवणी सुरू झाली तवा काशीराम स्वतः मुंबईला जाऊन त्याला भेटला.

"दाजी, चला. तुमची पट्टी तशीच हाय."

भगवान खाटेवर पाय पसरून हसला. "काशा, माझं पाय चढाईला हायेत रं. चिखल मलायला तुमी हाव ना!"

"एक दिवस तरी या."

"सामन्याला येतो ना. तुमी तुडवा, मी उडतो."

काशीराम परत आला. रोज साखळी उभी राहायची. दोन गडी, मग भोक, मग काशीराम आणि पुढचे तिघे. काशीरामाचा डावा हात दिवसभर लोंबता. बाकीच्या पट्ट्या दगडासारख्या झाल्या आणि मधली ती एक पिठाच्या गोळ्यासारखी मऊ. भरतीला तिच्यातून बुडबुडे यायचे. एका सकाळी त्यात खेकड्याचं बीळ दिसलं.

"मुकादम," काशीराम महादेवला म्हणाला, "ह्याच्यात कोनाचा तरी पाय जानार."

महादेवनं विडी विझवली. "मना दिसत नाय काय? पन साखली कोन जोडील? तू जोडशील? बहिनीच्या कपालाकडं बघून जोड."

काशीराम घराकडे वळला. पण त्याला राहवेना. दिवस मावळताना एकटाच मैदानावर आला. साखळी नको, हात जोडणं नको, नुसते आपल्या पायांनी तुडवून टाकू, असा त्याचा विचार. पट्टीच्या काठाला उभा राहून त्यानं पाय उचलला.

"दादा!"

बांधावर भामा उभी. पोट पुढं, एक हात कमरेवर. पळत आलेली, धाप लागलेली.

"अगं, अशी पलतेस काय?"

"पाय मागं घे. त्यांची पट्टी हाय ती."

"भामे, तो यात पडला तर पाय मोडंल त्याचा. नोकरी जाईल."

"पाय मोडला तर मी पोसीन. तू तुडवलीस आनि त्यांचं काय झालं तर?" तिचा आवाज फाटला. "माझं कुंकू हाय त्या पट्टीत, दादा."

काशीरामानं पाय मागं घेतला. खाडीवरून वारा आला आणि दोघंही घराकडे चालू लागली.

पुढं चिखल वाळला. वर कोरडी माती पसरली, पाणी मारून शेण सारवलं, चुन्याच्या रेघा ओढल्या. मैदान कसं आरशासारखं झालं. कुठली पट्टी घट्ट आणि कुठली मऊ, ते वरून देवालाही कळलं नसतं.

जत्रेच्या दिवशी भगवान आला, केसांना तेल, अंगात नवी बनियन. काशीरामानं त्याला बाजूला घेतलं.

"दाजी, तुमच्या पट्टीत जोर देऊ नका. खाली पोकल हाय."

"आरं, सासुरवाडीची जमीन जावयाला गिलते काय?" असं म्हणून भगवाननं त्याच्या पाठीत थाप मारली.

उरणकडचा संघ तगडा होता. गिरणीचा साहेब खुर्चीवर बसून भगवानाच्या चढायांना मान डोलवत होता. भगवान खरंच उडत होता. काशीराम मात्र खेळ बघतच नव्हता. त्याची नजर भगवानाच्या टाचांवर. टाच पट्टीच्या कडेला आली की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

खेळ संपत आला आणि उरणवाल्यांचा सगळ्यात थोराड गडी चढाईला आला. त्यानं कोपऱ्यातल्याला हात लावला आणि मागं वळला. त्याला अडवायला भगवाननं सगळं अंग झोकून धाव घेतली. सरळ पट्टीच्या मधोमध, जिथं खेकड्याचं बीळ होतं तिथं.

काशीरामानं खांदा मारून भगवानाला बाजूला उडवला.

आणि भगवानाचा पाय जिथं पडायचा तिथं काशीरामाचा पडला. वरची खपली फुटली, पाय नडगीपर्यंत आत गेला आणि तेवढ्यात तो थोराड गडी त्याच्या अंगावरून पुढं झेपावला. सुक्या कालवाचं शिंपलं टाचेखाली फुटावं तसा आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी तो ऐकला. पण काशीरामाच्या हातात त्या गड्याचा घोटा आला होता, आणि त्यानं तो सोडला नाही. दम तुटला. सामना जिंकला.

लोकांनी भगवानाला खांद्यावर घेतला. साहेबानं त्याचं नाव विचारलं.

हाडवैद्यानं काशीरामाचा पाय बांधला खरा, पण तो वाकडाच जुळला. पाऊस आला आणि गेला, तरी काठी सुटली नाही. भगवानाला नोकरी लागली, भामाला मुलगा झाला. आणि भगवान बदलला. दर सुट्टीला गावाला यायचा, घरी पिशवी टाकायचा आणि सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायचा. आता मोकळी पट्टी काशीरामाची होती. एका बाजूला भगवान हात लोंबता सोडून, दुसऱ्या बाजूला साखळीतला पाचवा, वेणू नावाचा पोरगा.

काशीराम बांधावर बसून बघायचा. जत्रा जवळ आली तशी त्याच्या पट्टीतनं पुन्हा बुडबुडे यायला लागले. वेणू तर अजून मिसरूड न फुटलेला.

"साखली जोडा," काशीराम एक दिवस बांधावरून म्हणाला.

कोणी हललं नाही. महादेवनं तोंड फिरवलं.

"काशा, राहूदे," भगवान म्हणाला. "तू बरा होशील. मी जागा धरून ठेवतो."

"ह्या पायानं? दाजी, माझ्यापायी अजून एक पाय जायला पायजे काय? वेणूचा हात धरा म्हनतो ना!"

भगवान रडायला लागला, एवढा मोठा गडी. रडत रडतच त्यानं हात पुढं केला. वेणूनं डोळे मिटून तो धरला. साखळी जोडली गेली. मग थप थप पाय पडायला लागले, काशीरामाच्या पट्टीतनं, या बांधापासून त्या बांधापर्यंत. काशीराम शेवटपर्यंत बघत बसला. जमीन चांगली बसत होती.

परत जाताना वाटेत माणसं भेटली. रोज "काय काशीराम, बरा हायस ना?" म्हणणारी. आज कोणी खाली बघितलं, कोणी चपलेतला खडा काढला. बातमी त्याच्या काठीपेक्षा जोरात चालत गेली होती.

घराशी आला तर दार आतून लावलेलं. आत दिवा होता. त्यानं काठी उंबऱ्यावर आपटली, रोज आपटायचा तशी. त्या आवाजाला त्याची बायको, रंभा, रोज उठून दार उघडायची, एका शब्दानं विचारायची नाही.

आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"कोन हाय?" रंभानं विचारलं.