बिननावाचा खांब

सगळा कारखाना तिला वहिनी म्हणायचा. तिचा दीर प्रेस विभागात, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर होता. तो म्हणायचा म्हणून त्याचे सोबती म्हणायला लागले आणि मग वॉचमनपासून सगळेच. आकडेवारीच्या खोलीतल्या त्या एकुलत्या एका बाईचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

दर तीन महिन्यांनी कुठल्या विभागात किती अपघात झाले, याचा स्तंभालेख ती काढायची. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी टाकल्या की चौदा खांब उभे! तो आलेख बघून बैठकीत ठरायचं, या खेपेला यंत्रांवरच्या संरक्षक जाळ्या कुणाला द्यायच्या. मागच्या खेपेला त्या पॅकिंगला मिळाल्या होत्या. पॅकिंगमध्ये फार तर पुठ्ठ्याने बोट कापतं. तिथल्या बायका जाळ्यांवर जेवणाचे डबे ठेवायला लागल्या.

रविवारी दीर जेवायला आला. आठवड्यापूर्वी प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली होती. डाव्या हाताने घास घेत तो म्हणाला, "वहिनी, फलकावरच्या तुझ्या त्या चित्रात आमचं नावच नाही बघ. सगळ्यात उंच खांब, आणि त्याचं नाव कुठाय?"

"असं कसं होईल?" ती म्हणाली, पण तिचा घास तोंडातच राहिला.

सोमवारी कचेरीत गेल्या गेल्या तिने मागच्या खेपेचा आलेख उघडला आणि खांबांखालची नावं मोजली. नावं लांबलचक, जागा वीतभर. नावं एकमेकांवर चढायला लागली की तो प्रोग्रॅम त्यातली काही गुपचूप गाळतो. विचारत नाही, सांगत नाही. 'पॅकिंग आणि माल भरणी' ऐसपैस पसरलं होतं, थेट शेजारच्या उंच खांबाखाली. प्रेसला जागाच उरली नव्हती. बैठकीतल्या शहाण्यांनी उंच खांब पॅकिंगचा धरला. आणि तिने? तिने रंग तपासले, शीर्षक तपासलं. तेव्हा नावं मोजली नव्हती. दिराची बोटं आपल्याही निष्काळजीपणाने गेली, हे तिने स्वतःला स्पष्ट सांगितलं. रडत मात्र बसली नाही. तिला रागच जास्त आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरचा होता.

उपाय पाच मिनिटांचा होता. अक्षांची अदलाबदल करून तिने खांब आडवे पाडले. डावीकडे चौदा नावं, एकाखाली एक, पुरीच्या पुरी. तळाशी लिहिलं, 'मागच्या आलेखात प्रेस विभागाचं नाव गळलं. म्हणून जाळ्या भलतीकडे गेल्या. चूक माझी.' खाली सही ठोकली.

मंगळवारी मोठ्या साहेबांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बैठकीत जाणार नाही. जाळ्यांच्या हुकमावर सही माझी आहे. नावं काढा, क, ख, ग टाका. दिसायलाही सुटसुटीत."

"क ला बोटं नसतात, साहेब."

"नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

"सोडलं. कागद लावून झालाय."

"कुठे?"

"प्रेसच्या दारावर. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत."

साहेब तरातरा खिडकीशी गेले. खाली प्रेस बंद होते. दारापाशी घोळका जमला होता, कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवत होतं.

"आत्ताच्या आत्ता काढून आणा तो कागद!"

वहिनी जागची हलली नाही. "तुम्हीच काढा. चाळीसजण उभे आहेत, त्यांच्यादेखत."

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग फोन उचलला. "पॅकिंगच्या जाळ्या सोडवा. हो, सगळ्या. प्रेसला बसवा." फोन आपटून ते तिच्याकडे वळले. "आणि तुम्ही उद्यापासून यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. "शेवटची जाळी बसली की जाते."

आणि जिना उतरून ती प्रेसच्या दारात जाऊन उभी राहिली.