मच्छरदाणीखालचा किल्ला

त्या रविवारी दुपारी बाबांनी माझ्या किल्ल्याची उत्तरेची भिंत पाडली. पाडली म्हणजे तोफेपासून टेप लावून अंतर मोजलं, फळीचा तेवढा तुकडा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "रंभा, वारा सुटलाय का गं? इथे एकदम मोकळं वाटायला लागलं."

आई खिडकीपाशी वाल सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. "चिडवू नका तिला. तुमची पाळी झाली ना? मग गप्प बसा."

आमच्या हॉलमधलं ते टेबल म्हणजे एक जुनं दार होतं, चिकूच्या रिकाम्या खोक्यांवर आडवं टाकलेलं. त्यावर खोक्यांच्याच फळ्यांचा किल्ला होता. किल्ल्याला लागून खाडी होती आणि तिच्यासाठी आईच्या जुन्या निळ्या परकराचं कापड पसरलेलं होतं, काठ खडूच्या रेघेने आखलेला. दोन्ही फौजा शिशाच्या, एकेक माणूस बोटाच्या पेराएवढा. वरोरच्या भीमाकाकांच्या फाटक्या जाळ्यांना जे शिसं असायचं ते वितळवून बाबांनी ती माणसं ओतली होती. मराठ्यांना लाल पागोटी, फिरंग्यांना निळे डगले. रंग भीमाकाकांच्याच होडीचा, उरलेला.

हा खेळ बाबांना शेजारच्या वाडीतल्या होर्मझकाकांनी शिकवला. म्हातारे गेले, बाबांना जोडीदार राहिला नाही, म्हणून त्यांनी मला समोर बसवलं. जतीनला, माझ्या धाकट्या भावाला, क्रिकेट सोडून काही सुचत नसे. मी तेव्हा शाळेत होते. त्या रविवारी, २०१७ च्या जानेवारीत, मी अडतीस वर्षांची होते आणि तलासरीच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते.

पायदळ चार इंच चालायचं, घोडेस्वार आठ. टेप आईच्या शिलाई मशीनच्या खणातली. फासा आईनेच टाकायचा, कारण आम्हा दोघांपैकी कुणीही टाकला की दुसऱ्याला शंका यायची. ती स्वयंपाकघरात असली तर हात पुसत यायची, फासा टाकायची, आकडा सांगायची आणि परत जायची. आपल्याला खेळातलं काही कळत नाही असं ती सगळ्यांना सांगत असे.

शेवटचा नियम होर्मझकाकांचा होता. हरणाऱ्याने उभं राहायचं, आपलं निशाण उचलायचं आणि घरात जे कोणी असेल त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "किल्ला तुमचा." तोपर्यंत खेळ संपला असं धरायचं नाही.

बाबा हरले की खुर्ची मागे सारून उभे राहत. अंगणात आमच्याकडे कामाला येणारी बारकी चिकू निवडत असो की ओटीवर एखादा व्यापारी बसलेला असो, आवाज तेवढाच. "किल्ला तुमचा, विनिताबाई!"

"काय शेठ, परत हरलात?" बारकी बाहेरून विचारायची.

"हरलो गं. पोरगी ऐकतच नाही."

मी मात्र ते कधीच म्हटलं नाही. पहिल्यांदा हरले तेव्हा तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी रडू आलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "अरे, दिवस मावळला की. आता लढाई बंद." फौजा डब्यात गेल्या. पुढे ती सवयच झाली. मी हरायला आले की बाबा खिडकीकडे बघत, बाहेर भर दुपारचं ऊन असलं तरी म्हणत, "दिवस मावळला." मी मोठी झाले, नोकरीला लागले, वेढ्यांवरची जाडजाड पुस्तकं वाचून त्यांना हरवू लागले, तरी हरताना मला तो दिवस मावळून हवा असायचा. तेवढं ते मला न मागता देत आले.

त्या रविवारी माझी पाळी होती. मी मनात हिशोब केला. तोफेवर सहा पडले तर भिंतीच्या भगदाडातले त्यांचे सहाही जण पडतील. पण मागे खाडीच्या काठाला एक घोडेस्वार होता आणि तो माझ्या निशाणापर्यंत जेमतेम पोचत होता. म्हणजे सहा पडले तरी किल्ला जाणार.

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत नव्हते.

"आज काही दिवस मावळायचा नाही हं," ते म्हणाले. "ऊन बघ केवढं आहे."

"बाबा."

"मी कुठे काय म्हणतोय? तुझी पाळी आहे. सावकाश विचार कर."

मी उठले आणि मच्छरदाणीचा तुकडा टेबलावर ओढला. अर्धवट राहिलेल्या खेळावर मांजर चढू नये म्हणून तो ठेवलेला असे. "उद्या बघू."

"उद्या तर उद्या. बघ रंभा, निशाण घेऊन पळतेय."

"तुमचीच लेक," आई म्हणाली.

रात्री जेवताना बाबांनी आपल्या ताटातला बोंबील माझ्या ताटात टाकला. "घे. वेढ्यातल्या माणसाने खाऊन घ्यावं."

सोमवारी सकाळी मी तलासरीला गेले आणि बाबा बेडणी घेऊन वाडीत गेले. बेडणी म्हणजे टोकाला जाळी बांधलेली, चिकू काढायची लांब काठी. बारकीला ते झाडाला टेकून बसलेले दिसले. दमले असतील म्हणून तिने आधी हाक मारली नाही.

आईचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. एका सहकाऱ्याने मला चारोटीपर्यंत सोडलं. तिथे डहाणूच्या रिक्षेत बसले आणि रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागलं. त्या वेळात माझ्या मनात पहिला धड विचार काय आला, ते लिहिताना आजही हात अडखळतो. घरी माणसं जमली असतील, आणि टेबल तसंच आहे.

मच्छरदाणीतून सगळं दिसतं. लाल पागोटी, निळे डगले, परकराची खाडी. सत्तर वर्षांचा बागायतदार आणि त्याची बिनलग्नाची, शिकलेली मुलगी रविवारी काय करतात ते सगळ्या गावाला दिसेल. मी कॉलेजात हे कुणाला कळू दिलं नव्हतं. वर्गात एकदा तोफेच्या पल्ल्याबद्दल जरा जास्तच बोलले, तेव्हा सहकाऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, हे सगळं कुठून कळतं तुम्हाला?" मी म्हटलं होतं, "वाचलंय."

घरी पोचले. बाबांना हॉलमध्येच खाली ठेवलं होतं, टेबलापासून दोन हातांवर. मी चपला काढल्या, आतल्या खोलीत गेले, कपाटातून डबलबेडची चादर काढली, बाहेर आले आणि ती टेबलावर पसरली. कोपरे नीट खाली ओढले. मग बाबांकडे वळले.

आई त्यांच्या उशाशी बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती.

त्यानंतरचे दिवस घरात माणसांची ये-जा सुरू राहिली. चादर पांघरलेल्या टेबलावर लोक पिशव्या ठेवत, वर्तमानपत्र ठेवत. कुणीतरी फुलांची टोपली ठेवली तेव्हा चादरीखाली शिसं शिशावर आपटल्याचा बारीक आवाज झाला. मी समोरच होते. टोपली उचलली असती तर का उचलली ते सांगावं लागलं असतं. मी उचलली नाही.

वाढवणहून धोंडीमामा आला. हा आईचा चुलतभाऊ. येतो तेव्हा चार दिवस राहतो आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावून बघतो. बंदराविरुद्धच्या मोर्चात पोलिसांनी कसं अडवलं ते सांगता सांगता त्याने चादरीचा कोपरा वर केला.

"अगो, हे काय? बाहुल्या?"

"खेळणी आहेत, मामा," मी म्हटलं. "जतीनच्या मुलीची."

"भाविनीची?" त्याने एक तोफ चिमटीत धरून उजेडाकडे नेली. "पोरगी अजून धड बसत नाही, नि तोफा लागल्या तिला?"

ओटीवरची माणसं हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी हसत होतं, म्हणून मीही हसले. मग बघितलं तर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातात मामासाठी आणलेला चहा होता. तिने तो खाली ठेवला आणि आत गेली.

मला वाटलं होतं ती रागावली असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. तिचा चेहरा मला ओळखू आला, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी "वेळ नाही" म्हणून एखादा रविवार टाळायचे तेव्हा बाबांचा चेहरा तसा व्हायचा. बाबांना माझी लाज कधी कळली नसेल, अशी जी समजूत मी करून घेतली होती, ती त्या चहाच्या कपाबरोबर तिथे खाली राहिली.

बाराव्याच्या आदल्या दिवशी जतीन वापीहून परत आला तो खुर्च्या सांगूनच. "ताई, उद्या पंगत इथेच बसवायला लागेल. हे दार उचलूया. डबे कुठेत? मी भरतो सगळं."

"मी भरते," मी म्हटलं.

"कुणी भरायचं नाही," आई म्हणाली. तिने शिलाई मशीनचा खण उघडला, टेप आणि फासा काढला आणि खिडकीपाशी आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. "खेळ राहिलाय."

जतीन माझ्याकडे बघायला लागला. "आई, आता?"

"मग कधी? उद्या पंगतीत?" तिने मला टेबल दाखवलं. "चादर काढ. तूच घातलीस."

मी चादर काढली, मच्छरदाणी काढली. निम्मी माणसं आडवी झाली होती. मी एकेकाला उभं करू लागले. कोण कुठे होता ते मला पाठ होतं. भगदाडातले सहा, त्यांच्या मागचा नगारेवाला, बुरुजावरचे माझे तिघे. काठावरचा घोडेस्वार खाडीत जाऊन पडला होता. त्याला उचलला आणि हातातच धरून राहिले. तो इंचभर मागे ठेवला तर निशाणापर्यंत पोचत नव्हता. मग फक्त सहा पडायला हवे होते. विचारायला कोण होतं? जतीनला काही कळणार नव्हतं. आईला खेळातलं कळत नाही, असं ती स्वतःच म्हणायची.

आई टेप बोटाला गुंडाळत होती. "तो खडूच्या रेघेला लागून होता," ती म्हणाली. "त्यांनी मुद्दाम ठेवला होता तिथे. मला सांगितलं रात्री."

मी घोडेस्वार रेघेला लावून ठेवला.

"पाळी कुणाची?"

"माझी. तोफ."

आईने फासा टाकला. तो दारावर घरंगळत खाडीच्या कापडावर जाऊन थांबला.

"सहा," आई म्हणाली.

"सहा!" जतीन ओरडला. "ताई, वाचलीस!"

मी भगदाडातले सहाही जण उचलून बाजूला ठेवले. मग टेप घेतली आणि घोडेस्वारापासून निशाणापर्यंत लावली. आठ इंच, जेमतेम. बाबांच्या जागी जाऊन मी तो घोडेस्वार पुढे नेला, भगदाडातून आत, निशाणापर्यंत. परत माझ्या बाजूला आले. समोर त्यांची खुर्ची होती आणि बाहेर भर दुपारचं ऊन होतं. मी खिडकीकडे बघितलं, सवयीने.

मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. निशाण म्हणजे काडेपेटीची काडी आणि तिला चिकटवलेला चिंधीचा तुकडा. ते हातात घेतलं आणि म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"ओटीपर्यंत गेलं नाही," आई म्हणाली.

ओटीवरच्या झोपाळ्याची कुरकुर थांबली. धोंडीमामाने दारातून डोकं आत घातलं. त्याच्या मागे अंगणात बारकी सूप हातात धरून उभी होती. "काय गं विनिता? मला म्हणालीस काही?"

"नाही, मामा. आणि ती तोफ भाविनीची नाही. माझी आहे. बाबांची नि माझी."

"बरं," मामा गोंधळून म्हणाला. "मग?"

माझे कान तापले होते. मी निशाण समोरच्या खुर्चीकडे धरलं, आणि बाबा लावायचे तेवढा आवाज लावला.

"किल्ला तुमचा, बाबा!"