उघडी खिडकी

वादळांचे दिवस जवळ आले की त्या घरात सगळ्यात आधी टेबलफॅनची सोय व्हायची. बाबा त्याला माळ्यावरून खाली आणायचे, पुसायचे, नवीन प्लास्टिकची पिशवी घालायचे, सुतळीने बांधायचे आणि पुन्हा माळ्यावर नेऊन ठेवायचे. मग मेणबत्त्या, टॉर्चचे सेल, पिण्याचं पाणी आणि आईच्या गोळ्या. माणसांचा नंबर पंख्यानंतर.

पंखा दादाचा होता. गेल्या मोठ्या वादळात सगळे मधल्या खोलीत दाटीवाटीने बसलेले असताना दादा उठला. "पंखा राहिला माझा. वॉरंटीत आहे अजून," म्हणाला आणि मागच्या आपल्या खोलीत गेला. तेवढ्यात खोलीच गेली. पंखा वाचला. वॉरंटी कधीच संपली, तरी तो झकास चालतो. त्याला कुणी लावत नाही.

खोलीच्या जागी आता नुसती फरशी होती, वर आभाळ. दाराच्या जागी विटा लावून बाबांनी भिंत सलग करून घेतली. आई त्या बाजूला पुन्हा कधी गेली नाही. कपडे वाळत घालायला धाकटी जायची. सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जायच्या आधी ती दादाच्या खोलीत, म्हणजे उन्हात, उभी राहून टॉवेल झटकायची.

तर अशा रीतीने त्या घरात खिडक्यांपेक्षा फळी एक जास्त झाली.

प्रत्येक खिडकीला मापाची प्लायवूडची फळी होती. वादळाआधी ती बाहेरून ठोकायची, वादळ गेलं की काढून पलंगाखाली सरकवायची. दादाने आपल्या फळीवर ऑइलपेंटने चित्र काढलं होतं: सताड उघडी खिडकी, मागे निळंशार आकाश आणि खिडकीतून डोकावणारा खुद्द दादा, कान सुपाएवढे. आईला वादळ गेल्यावर दाखवणार होता. वादळ गेलं तेव्हा फळी शेजारच्या वेल्डरकाकांच्या छपरावर सापडली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

तेव्हापासून दर वर्षी बाबा ती फळी चादरीत गुंडाळून मागे न्यायचे आणि कोऱ्या भिंतीवर ठोकायचे. जिथे खिडकी नाही, तिथे.

"सगळं गाव खिडक्या बंद करतंय, आणि तुम्ही एक उघडताय," वेल्डरकाका पहिल्या वर्षी म्हणाले होते. बाबा खिळे ठोकत राहिले. दुसऱ्या वर्षापासून काका येऊन शिडी धरायला लागले.

यंदा स्वयंपाकघराची फळी पलंगाखालून ओढली तर तिचा अर्धा भाग धाकटीच्या हातात आला आणि अर्धा तिथेच राहिला. वाळवीने आतून सगळं खाऊन वरचा पापुद्रा तेवढा शिष्टाचार म्हणून ठेवला होता. धाकटी हार्डवेअरच्या दुकानात पळाली. तिथे सगळं प्लायवूड संपलेलं. "दार देऊ का?" दुकानदाराने विचारलं. "बाथरूमचं आहे, गुलाबी." तेही तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणीतरी उचललं.

वारा सुटला होता. बाबा मागे शिडीवर होते, काखेत ती चादरीतली फळी.

"बाबा, ही स्वयंपाकघराला लावू या."

"ही तिथली नाही."

"ती कुठलीच नाही, बाबा."

खाली शिडी धरलेल्या वेल्डरकाकांनी ती आणखी घट्ट धरली. बाबांनी तोंडातला खिळा काढला, खिशात टाकला.

"मोठी पडेल," ते म्हणाले.

"कापू."

"कापायची नाही."

"मग आईला काय सांगू? भिंत सुरक्षित आहे, तू तेवढी काचेसमोर बसू नकोस?" धाकटीचा आवाज चिरकला. "एक गेला ना भिंतीखाली. आता काचेखाली कोण पाहिजे तुम्हाला?"

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आत्ताच एक वादळ येऊन आपल्याला उचलून नेईल तर बरं. आलं नाही. वादळं कधी वेळेवर येत नाहीत.

बाबा खाली उतरले. त्यांनी फळी फरशीवर ठेवली, चादर काढली आणि उकिडवे बसून तिच्यावर वीत लावून पाहिली.

"कुठून कापायची?" त्यांनी विचारलं. "इकडून कापली तर त्याचा कान जातो."

"तिकडून कापा. तिकडे नुसतं आकाश आहे."

"आकाश चालेल," वेल्डरकाका घाईघाईने म्हणाले. "आकाश पुष्कळ आहे."

करवत बाबांनीच चालवली. निळा भुसा त्यांच्या पायांवर पडत होता. फळी बरोबर मापाची झाली. ठोकताना बाबांनी चित्राची बाजू आत, काचेकडे केली. "रंगावर पाणी नको," एवढंच म्हणाले. उरलेली वीतभर आकाशाची पट्टी त्यांनी मागच्या कोऱ्या भिंतीवर नेऊन ठोकली, आणि तिला चार खिळे मारले.

अंधार पडला, लाइट गेले. मधल्या खोलीचं छत ठिबकायला लागलं तेव्हा तिघं स्वयंपाकघरात आले. बाहेर कुणाचा तरी पत्रा रस्त्यावरून धावत गेला. मग काहीतरी येऊन फळीवर आदळलं. काच थरथरली, पण टिकली. आईने दचकून टॉर्च खिडकीवर मारला.

काचेपलीकडे लख्ख दुपार होती. तिचा मुलगा खिडकीतून आत डोकावत होता.

आईला आधी सांगायला हवं होतं, हे धाकटीच्या आत्ता लक्षात आलं.

टॉर्चचा उजेड एका कानावरून दुसऱ्या कानावर गेला.

"कान एवढे कुठे होते त्याचे?" आई म्हणाली.

"होते," बाबा म्हणाले.

आई उठली. तिने पदराने काच पुसली, पण डाग चित्रातलाच होता, हनुवटीवर. ती पुसत राहिली.

"खिडकी उघडी टाकून उभा आहे वेडा," ती म्हणाली. "भिजेल ना."

बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. टॉर्चचा उजेड हलायला लागला होता, म्हणून त्यांनी तो तिच्या हातातून घेतला. आता तो त्यांच्या हातात हलू लागला. मग धाकटी उठली.