लताबाईंचे भिंग आणि एका दिवसाचे फूल

मी एक जुने पितळी भिंग आहे, मित्रांनो. दोन पितळी पाकळ्यांच्या मध्ये माझी काच दडलेली असते. पाहायचे असेल तेव्हा बोटाने ती बाहेर फिरवायची, पाहून झाले की आत ढकलायची. मी तुमच्या अंगठ्याहून फार मोठे नाही. त्यामुळे मला हरवणे सोपे आणि विसरणे त्याहून सोपे.

माझा जन्म अंबाल्यातल्या एका कारखान्यात झाला. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या वस्तू तिथे बनत. ओल्या भुकटीवर घासघासून माझी काच गोल केली गेली, तेव्हा फार सोसावे लागले. पण त्याशिवाय मला नीट दिसले नसते. तिथून मी नागपूरला, सीताबर्डीच्या एका दुकानात आले. लताबाईंना भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्याची नोकरी लागली, तेव्हा त्यांचे पती सुरेशराव यांनी मला त्यांच्यासाठी घेतले. काळ्या दोरीत ओवून मला बायकोच्या गळ्यात घातले आणि म्हणाले, "तुला सोन्यापेक्षा हेच शोभेल."

ती माझ्या आयुष्यातली भर उमेदीची वर्षे. पावसाळी सहलींना लताबाई मुलांना घेऊन तळ्याकाठी जात. चिखलात बसून एकेक रोप माझ्यासमोर धरत. भुईआवळीच्या पानाखाली ओळीने लागलेले मणी, लाजाळूच्या गुलाबी गोंड्यातले बारीक केसर, माक्याच्या इवल्या फुलात दाटीने बसलेली कितीतरी फुले! मुले माझ्यासाठी भांडत. एक मुलगी तर म्हणाली होती, "मॅडम, आता गवतावर पाय ठेवायची भीती वाटते." लताबाई खूप हसल्या होत्या.

मग त्या निवृत्त झाल्या. पुढे सुरेशराव आजारी पडले आणि गेले. रिकाम्या घरात आईने एकटे राहू नये म्हणून मुलगा प्रीतम त्यांना सिंगापूरला, पासिर रिसच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या आणि दोऱ्यांच्या खाली, मीही आले. लताबाईंनी डबा कपाटात ठेवला आणि मी तिथेच राहिले. सिंगापूरची हवा बारा महिने दमट. माझे पितळ काळवंडले, काचेवर बुरशीची जाळी धरली. मला दिसेनासे झाले. तुम्ही म्हणाल, वस्तूला कसले दुःख? पण मित्रांनो, ज्याचे कामच दाखवणे आहे त्याला अंधारात ठेवले तर त्याने काय करावे?

घरात काय चालले आहे ते मला ऐकू येई. प्रीतम पहाटेच तुआसला कामावर जाई. सून एकता नोव्हेनाला एका प्रयोगशाळेत संशोधन करी. तिचीही सकाळ धावपळीची. नात मैत्री शाळेत. सगळे एकमेकांशी चांगले वागत, आवाज चढत नसे. पण लताबाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. दोन हजार अठराच्या जानेवारीत त्या प्रीतमला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ बाबा. आता मी नागपूरलाच राहते."

"पण तिथे आहे कोण, आई?"

"इथे तरी कोण ओळखीचं आहे? इथली तर झाडंसुद्धा मला ओळखत नाहीत."

प्रीतमने पुष्कळ समजावले. शेवटी पुढच्या रविवारचे तिकीट काढले.

त्या जानेवारीत सिंगापुरात नवल घडले. सतत पाऊस पडून हवा इतकी गार झाली की लोक कपाटातून स्वेटर शोधून काढू लागले. अशाच एका ओल्या शनिवारी मैत्रीच्या गणवेशाचे बटण तुटले. बटण शोधायला तिने डबा उपडा केला आणि मी जमिनीवर घरंगळले.

"आजी, हे काय? ब्रोकन आहे ला! काहीच दिसत नाही," मैत्री शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"जुनं भिंग आहे गं. टाकून दे."

हे शब्द मला फार लागले. पण एकताने मला मैत्रीच्या हातातून घेतले, खिडकीपाशी नेऊन निरखले. "टाकायचं कशाला, आई? माझ्या मायक्रोस्कोपलाही बुरशी धरते." तिने पर्समधून लेन्स पुसायचा मऊ कागद काढला, त्यावर स्पिरिटचे दोन थेंब टाकले आणि मला हलक्या हाताने पुसू लागली. तिला घाई नव्हती. त्या घरात घाई नसलेली एकता मी प्रथमच अनुभवली. जाळी विरली आणि मला आधी दिसल्या त्या तिच्या बोटांवरच्या रेषा, मग लताबाईंचा चेहरा.

"चला ना, जरा बाहेर जाऊ," एकता म्हणाली. "पावसानं काय काय उगवलं असेल. मला तर गवत आणि झाड यांपलीकडे काही कळत नाही."

"आत्ता? भिजू की!"

"भिजू."

तिघी छत्र्या घेऊन निघाल्या. समुद्राकडून गार वारा येत होता. पार्कात चिटपाखरू नव्हते. सुरुवातीला लताबाई नुसत्या चालत राहिल्या. मग वाटेच्या कडेला एकाएकी थांबल्या. "अगंबाई, ही एकदांडी!" मैत्रीने लगेच फूल तोडायला हात पुढे केला, तशी एकता म्हणाली, "नो, मैत्री! पार्कमधलं काही तोडायचं नाही. फाइन बसतो."

आता काय करणार? लताबाईंनी छत्री नातीकडे दिली आणि त्या ओल्या गवतात गुडघे टेकून बसल्या. आजवर रोप तोडून माझ्याकडे आणले जाई. त्या दिवशी मला रोपाकडे नेण्यात आले. मातीतून नुकती वर आलेली भुईआवळी मी जिवंत, मुळांवर उभी असलेली पाहिली. पुढे लाजाळू भेटली, माकाही भेटला. लताबाईंचा आवाज बदलत गेला. तो वर्गातला आवाज होता. एकता शेजारी चिखलात बसून एकामागून एक प्रश्न विचारत होती, आणि साडी भिजल्याचे कुणाच्या ध्यानातही नव्हते.

परत फिरताना एका मोठ्या झाडाच्या बुंध्यावर लताबाईंना हिरव्या काड्यांचा झुबका दिसला. "झाड विलायती शिरीष, हे नागपूरलाही आहे. पण ही वर बसलेली कोण?" त्यांनी मला कळीशी धरले. "आमरीच्या कुळातलं, ऑर्किड. कळ्या बघ, सगळ्या एकाच मापाच्या. जणू कशाची तरी वाट बघताहेत. मला नाही माहीत हे."

एकताने फोनवर शोधले. "याला पिजन ऑर्किड म्हणतात. थंड पाऊस पडला की साधारण आठवड्यानं सगळीकडच्या कळ्या एकदम उमलतात म्हणे. आणि फूल टिकतं एकच दिवस."

लताबाईंनी मनाशी हिशेब केला. त्यांचे विमान दुसऱ्याच दिवशी, रविवारी होते; ते उडून गेल्यावरच या कळ्या उमलणार होत्या.

घरी चहा पिताना त्या म्हणाल्या, "प्रीतम, तिकीट थोडं पुढे जाईल का रे?" प्रीतमने एकताकडे पाहिले आणि काही न विचारता फोन उचलला.

मग रोज सकाळी लताबाई मला गळ्यात घालून एकट्याच झाडापाशी जाऊ लागल्या. एक सोमवार उजाडला, आणि वळणावरच सुगंध आला. बुंध्यावर, फांद्यांवर, पलीकडच्या झाडांवरही पांढऱ्या पाखरांचे थवे उतरावेत तशी फुले! लताबाईंनी लगेच फोन लावला. एकता ट्रेनमध्ये होती.

"एकता, उमललंय गं. पण तू कामावर निघालीस ना? संध्याकाळपर्यंत राहील की नाही, काय माहीत."

"आई, सिमेई स्टेशन आलंय. मी उतरते. तुम्ही तिथेच थांबा."

ती धावतच आली. केस विस्कटलेले, ऑफिसची बॅग खांद्यावरून घसरलेली. मैत्री शाळेत होती, म्हणून तिच्यासाठी फोटो काढले. मग लताबाईंनी दोरी गळ्यातून काढली आणि मला सुनेच्या हातात दिले. "आधी तू बघ." एकताने पाहिले. पाकळीच्या आतली पिवळी रेघ, तिच्यावरची नाजूक झालर. नंतर म्हणाली, "आई, तुम्ही गेलात तर मला हे कोण दाखवणार?"

लताबाईंनी तिची घसरलेली बॅग आपल्या खांद्यावर घेतली. मंगळवारी फुले मान टाकून लोंबत होती. पण लताबाईंनी तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही. एप्रिलमध्ये चौदा तारखेला नागपूरला जाऊन, सगळ्यांना जयभीम करून, महिन्याच्या आत त्या पासिर रिसला परत आल्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हा जुन्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, अधूनमधून पुसा, आणि पुसून पुन्हा डब्यात घालू नका, कामाला लावा. आणि तुमच्या घरात कुणी फार दिवस गप्प बसले असेल, तर त्याला 'बरं आहे ना?' एवढेच विचारून थांबू नका. 'मला काहीतरी दाखवा ना,' असे म्हणा, आणि पाऊस असला तरी त्याच्याबरोबर बाहेर पडा.