डावा अंगठा

“डावा! डावा म्हणतोय मी. बैलाला कळतंय डावं-उजवं, तुला कळत न्हाई व्हय रं?”

बाळासोनं समोरच्या म्हाताऱ्याचं मनगट धरलं, अंगठा शाईच्या डबीत बुडवला आणि कागदावर नेऊन टेकवला. “दाबून लाव. नीट उमटू दे.” म्हाताऱ्याच्या पोराच्या पोटाचं ऑपरेशन होतं. आपण कशाला अंगठा देतोय हे म्हाताऱ्यानं विचारलं नाही आणि बाळासोनं सांगितलं नाही. शाई पुसायला त्याला चिंधीसुद्धा मिळाली नाही. त्यानं ती धोतराला पुसली आणि हात जोडून बाजूला सरकला.

सांगली संस्थानातल्या त्या धर्मादाय दवाखान्यात बाळासोचं काम एवढंच. रोग्याच्या घरच्या कर्त्या पुरुषाची संमती घेतल्याशिवाय अंगाला सुरी लावायची नाही, असा नियम होता. नियम चांगला होता. कुण्या शहाण्या माणसानं रोग्याच्या भल्यासाठी केला असावा. बाळासोच्या हाती पडल्यावर त्याचं पार भजं झालं. संमती म्हणजे माणसाला विचारणं, हे त्या शहाण्याच्या मनात असेल. बाळासोच्या मनात संमती म्हणजे शाई. शाई उमटली की दवाखाना सुटला, डॉक्टर सुटले, मॅनेजर सुटले. रोग्याचं काय ते त्यानं बघावं आणि त्याच्या देवानं बघावं.

काळा कोट, काळी टोपी आणि खिशाला टाक. मराठी सातवी पास झालेला हा गडी साताऱ्याजवळच्या खेड्यातनं आला होता. बापानं जन्मभर दुसऱ्याचे बैल राखले होते. पण खेड्यातलं माणूस दिसलं की याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. “या लोकांना समजावून काय उपयोग? दगडावर पाणी!” असं तो दिवसातनं दहांदा म्हणायचा. समजावून मात्र त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. वॉर्डातली आया रंगूबाई त्याला तोंडावर ‘अंगठेसायेब’ म्हणायची. बाळासोला तो मान वाटायचा. धन्य त्याची!

म्हातारा उठून गेला तोच दारात बैलगाडी थांबली. गुऱ्हाळावरची गाडी, मागं उसाचं पाचट अंथरलेलं आणि त्यावर एक बाई निजवलेली. डाव्या हाताला धोतराचा फाडा गुंडाळलेला, तो लालभडक झालेला. गाडीबरोबर आलेल्या माणसानं तिला आधार देऊन ओसरीवरच्या बाकावर टेकवलं.

बाई होती सुलाबाई. माणदेशातली धनगराची. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून नवरा मेंढरं घेऊन कृष्णाकाठानं खाली गेलेला आणि ही गुऱ्हाळावर मजुरीला राहिलेली. चरकात ऊस सारता सारता हातच आत ओढला गेला. बरोबरचा माणूस कोंडीबा, त्याच गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जळण घालणारा. मालकानं सांगितलं म्हणून गाडीबरोबर आला होता. एवढंच त्याचं नातं.

मोठ्या डॉक्टरांनी फाडा सोडून हात बघितला आणि बाळासोला बाजूला घेतलं. “बोटं गेलीच आहेत. अंगठा वाचेल. पण मग रोज पट्टी बदलावी लागेल, पुष्कळ दिवस राहावं लागेल, आणि या महायुद्धापायी पट्टीचं कापड मिळायची मारामार. हातच मनगटातून काढला तर लवकर मोकळी होईल. दोन्ही गोष्टी नवऱ्याला नीट सांग. तो म्हणेल तसं करू.”

हे सुलाबाईनं ऐकलं. वेदनेनं तिचे दात वाजत होते, तरी ऐकलं.

“आवं सायेब,” ती बाळासोला म्हणाली, “बोटं न्हेली तर न्हेऊंद्या. अंगठा तेवढा ऱ्हाऊ द्या. अंगठा आसला तर शेरडाचं सड धरता येतंय, लोकर धरता येती. किती बी दिस ऱ्हाते मी. हितं झाडलोट करीन.”

“तुला कुणी विचारलंय का?” बाळासो म्हणाला. “बाईमाणसानं मधी बोलू नये. नवऱ्याचं नाव सांग.”

हाताचा चेंदामेंदा झालेला, तरी उजव्या हातानं सुलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायचं नाही, ही जन्माची शिकवण. अशा वेळी शेजारी जो कुणी असेल त्यानं ते सांगायचं. कोंडीबानं सांगितलं.

“अर्जुना, जी.”

आता हे बाळासोला कळायला नको का? त्याच्या स्वतःच्या आईनं कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. शाळेत बापाचं नाव लावायच्या वेळी शेजारणीनं सांगितलं होतं. पण अंगावर कोट चढला की माणसाला आपली आई आठवत नाही. त्यानं कोंडीबाकडं बघितलं, हाच नवरा असं धरून ‘अर्जुना’ म्हणून लिहिलं आणि शाईची डबी पुढं केली.

“हात काढावा लागणार. चालेल न्हवं?”

“मी काय सांगनार सायेब?” कोंडीबा म्हणाला. “तुमी शानी मानसं.”

“म्हंजे चालेल. आण डावा अंगठा.”

दोन गोष्टी सांगायच्या होत्या. त्यातली एक त्यानं अर्धीमुर्धी सांगितली आणि दुसरी गिळली. सुलाबाई बाकावरनं उठायला बघत होती. “आवं, त्यो न्हवं... त्येला काय इचारताय? हात माजा हाय!” पण रंगूबाई आणि दुसरी आया तिला धरून आत नेत होत्या. बाळासोनं कागदावर फुंकर मारली. ठसा झकास उमटला होता.

क्लोरोफॉर्म उतरल्यावर सुलाबाईनं पहिल्यांदा हात बघितला. रंगूबाईला एवढंच म्हणाली, “अंगठा कुटं टाकला गं?”

रंगूबाई तिथनं उठली ती तडक बाळासोच्या टेबलापाशी आली. “कुणाला इचारून केलंत हे, अंगठेसायेब?”

“नवऱ्याला.”

“आन् त्या बाईला?”

“बाईला कशाला विचारायचं?” बाळासो खरोखरच नवलानं म्हणाला. रंगूबाई कोपऱ्यात पचकन थुंकली आणि निघून गेली. थुंकी आपल्यासाठी होती हेही त्या शहाण्याला समजलं नाही.

चारेक दिवसांनी सकाळी दवाखान्याच्या आवारात मेंढरं शिरली. एक-दोन नव्हे, अख्खा कळप! ओसरी, बाग, डॉक्टरांच्या मोटारीखालची सावली, सगळीकडं मेंढरंच मेंढरं. मॅनेजरसाहेबांनी हौसेनं लावलेली शेवंती बघता बघता फस्त झाली. मधोमध खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन एक उंच, काळा माणूस उभा होता.

“कोण रे तू?” मॅनेजर खेकसले.

“अर्जुना. सुलाचा नवरा.” त्याचा आवाज चढला नव्हता. “माज्या बायकूचा हात कुनाला इचारून तोडला?”

मॅनेजरांनी बाळासोकडं बघितलं. “बाळासो, हा जर अर्जुना, तर कागदावर अंगठा दिलेला तो पहिला कोण?”

कोंडीबाला गुऱ्हाळावरनं बोलावून आणलं. तो बिचारा चक्रावून गेला. “माजा अंगठा व्हय? मला वाटलं, बाई पोच केल्याचा घेतला. अडतीवर गुळाच्या ढेपा पोच केल्यावर घेत्यात तसा!”

“तिला इचारलं व्हतं का?” अर्जुनानं पुन्हा विचारलं. मॅनेजर शेवंतीच्या खुंटांकडं बघायला लागले. “मग मी दरबारात जातो. राजानं सांगावं, मानसाचा हात कुनाचा असतो ते.” पण बायकोला तिथं सोडून तो निघाला नाही, तिथंच बसला. मेंढरंही बसली.

मॅनेजरांनी बाळासोला खोलीत घेऊन दार लावलं. धर्मादाय दवाखाना, पंचांमध्ये मोठमोठी माणसं, दरबारात बोभाटा झाला तर काय राहील? बाईच्या हाताचं काय राहिलं, हा प्रश्न त्या खोलीत कुणाला पडला नाही.

“अरे गाढवा, आता ऐक. नवा कागद कर, तारीख मागची घाल आणि बाईचा स्वतःचा अंगठा घे. रोगी स्वतः राजी होता म्हटल्यावर नवरा कोण लागून गेला? माणसाच्या शरीरावर त्याचाच हक्क असतो!”

काय सुंदर बोलले! हेच चार दिवस आधी सुचलं असतं तर एका बाईचा अंगठा वाचला असता. पण तेव्हा गरज बाईला होती, आता गरज दवाखान्याला होती.

“आणि घेतला नाहीस, तर उद्यापासून येऊ नकोस. जा गावाकडं बैल राखायला.”

नवा कागद, शाईची डबी आणि एक स्टूल घेऊन बाळासो वॉर्डात गेला. सुलाबाई खाटेवर बसली होती, डावा हात पदराखाली. रंगूबाई तिला पेज पाजत होती. बाळासोला बघूनही रंगूबाई उठली नाही.

“सुलाबाई,” बाळासो इतक्या मऊ आवाजात बोलला की त्याचं त्यालाच ओशाळवाणं वाटलं. भीतीनं त्याची गावाकडची भाषा वर आली. “आवं, ह्या कागदावर लिवलंय की हात काढायला तुमी राजी व्हता. तुमाला इचारलं, तुमी व्हय म्हनला. एवढं झालं म्हंजे... माजी बी बायकापोरं हायती.”

सुलाबाईनं कागदाकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

“आता मला इचारताय व्हय?”

“व्हय. तुमचंच म्हननं खरं. दुसऱ्या कुनाचं न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली. “ठेवा की फुडं.”

बाळासोला हायसं वाटलं. सुटलो! त्यानं स्टूल खाटेला लावलं, कागद सरळ केला, डबीचं झाकण काढलं आणि जन्माच्या सवयीनं तोंडातनं गेलं, “डावा आण.”

सुलाबाईनं पदर बाजूला केला. पट्टी गुंडाळलेलं थोटं मनगट तिनं सावकाश उचललं आणि कागदाच्या बरोबर त्या जागी ठेवलं, जिथं बाळासोनं ठशासाठी फुली मारली होती.

“घ्या,” ती म्हणाली. “दाबून घ्या. नीट उमटू द्या.”

उजवा चालला असता. उजवा धडधाकट होता, तिच्या मांडीवर पडला होता. दरबारानंसुद्धा तो मानला असता. बाळासोला फक्त ‘उजवा’ म्हणायचं होतं. तेवढा एक शब्द काही निघेना.

सुलाबाईनं मनगट काढून घेतलं, तेव्हा फुलीच्या जागी औषधाचा ओला पिवळा डाग होता. रंगूबाईनं पेजेची वाटी पुन्हा तिच्या ओठाला लावली. बाळासो डबी हातात धरून तसाच उभा होता आणि त्याचा स्वतःचाच डावा अंगठा शाईत बुडाला होता.