टक्केबाईंनी लावलेली लाल खूण

त्या मोठ्या इस्पितळात तिला सगळे टक्केबाई म्हणत. म्हणणारच! नवा प्रसूती विभाग उभा राहत होता, त्यावर अकरा टीम राबत होत्या, आणि रोज सकाळी वही काखोटीला मारून ही प्रत्येकाच्या दारात हजर: "किती टक्के झालं?"

उत्तर ऐकायचं आणि साहेबांच्या केबिनबाहेरच्या फळ्यावर चुंबकाची गोल खूण लावायची. हिरवी म्हणजे झालं, पिवळी म्हणजे चाललंय, लाल म्हणजे अडलं. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा एकदा! कुठलंही काम नव्वद टक्क्यांपर्यंत हां हां म्हणता पोचतं आणि मग तिथंच मुक्काम ठोकतं. वायरमनांचा मुकादम "झालंच समजा" म्हणाला की पंधरा दिवस धरायचे. फर्निचरचा मिस्त्री "होऊन जाईल" म्हणाला की लाकूडसुद्धा आलेलं नाही. आणि एखादा काहीच न बोलता मान खाली घालून कामाला लागला, की तिथलं काम होणार. सात वर्षांत तिला ही भाषा पाठ झाली होती.

लाल खूण मात्र कुणालाच नको असे. एक जरी लाल लागली तरी साहेब सगळ्या प्रमुखांना केबिनमध्ये उभं करून दोन दोन तास झाडत. त्यामुळे लाल चुंबक फळ्यावरून केव्हाच उतरले होते. तिच्या लोखंडी कपाटावर ते आता चहाच्या पाळीचा कागद धरून बसलेले असत.

या वेळी तर हिरव्याची घाई तिलाच झाली होती. लेक दुसऱ्या गावी, पहिलटकरीण, आणि डॉक्टरांनी शनिवारची तारीख दिलेली. रजेच्या अर्जावर साहेबांनी लिहिलं होतं, "फळा पूर्ण हिरवा झाल्यावर मंजूर." गुरुवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट तिनं महिनाभर आधीच काढून ठेवलं होतं. लेकीनं फोनवर दटावलंच होतं, "आई, शाळेच्या नाटकाला तुझं काम, माझ्या साखरपुड्याला तुझं काम. या वेळी कामाचं नाव काढलंस तर बघ!"

"आकाश कोसळलं तरी येते गं," तिनं शब्द दिला होता.

बुधवारी दुपारी मुकादमानं शेवटचं काम संपवलं. चाळीस खाटा, चाळीस बेल, सगळं तपासून झालं. तिनं शेवटची हिरवी खूण लावली आणि एखाद्या पोरीसारखी गिरकी घेतली. कुणी बघितलं नाही ते नशीब.

मग तिला वाटलं, जाता जाता एक फेरी मारावी. नवा रंग, नवे पडदे, कोऱ्या खाटा. पाय तर दुखतच होते. इकडेतिकडे बघून ती हळूच एका खाटेवर आडवी झाली. काय सुख! लेकही अशीच कुठंतरी निजेल, रात्री-अपरात्री कळ आली तर नर्सला बोलावेल, असं मनात आलं आणि तिनं सहज बेलसाठी हात लांब केला.

हात भिंतीवर चाचपडत राहिला. बेल नव्हतीच. बटण होतं समोर, पायाकडच्या भिंतीवर!

"अगं बाई! कळा देणाऱ्या बाईनं ते काय पायाच्या अंगठ्यानं दाबायचं?" ती मोठ्यानं म्हणाली आणि ताडकन उठली. पुढच्या खोलीत तेच, त्याच्या पुढच्या खोलीतही तेच.

हे झालं कसं? तिनं वही उघडली, मागं मागं गेली आणि एका पानावर थांबली. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "ट्रॉली वळत नाही म्हणून मिस्त्रींनी खाटांच्या उशा उलट दिशेला केल्या. काम शंभर टक्के. हिरवं." मुकादम बिचारा जुन्या नकाशाप्रमाणे बेल बसवत राहिला. त्याला सांगितलं कुणी? कुणीच नाही. प्रत्येकाला तिनं एकच विचारलं होतं, तुमचं किती झालं. तुमच्यामुळे दुसऱ्याचं काय बदललं, हे सात वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

ती त्याच खाटेवर बसली. विभाग सोमवारी उघडणार. गप्प बसून उद्याची गाडी पकडली तर? मुकादमाला गाडीतून फोन करता येईल. पण तो म्हणणार, "झालंच समजा, बाई!" आणि सोमवारी इथं कुणाची तरी लेक येऊन निजणार.

ती तरातरा कपाटापाशी गेली. चहाच्या पाळीचा कागद खाली पडला. फळ्यावर अकरा ओळींच्या खाली तिनं बारावी ओळ ओढली, "प्रगतीची नोंद" असं लिहिलं आणि पुढं लाल खूण ठोकली. मग लेकीला फोन करून सगळं सांगितलं.

"मला माहीतच होतं," लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पण रडायला वेळ कुठं होता? साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं.

"तुमच्या खाटाच उलट्या!" मुकादम मिस्त्रीवर खेकसला.

"आणि तुम्ही डोळे मिटून बटणं लावता होय?" मिस्त्री कसला ऐकतोय!

"भांडू नका," ती म्हणाली. "चूक माझी आहे. फळ्यावरची बारावी ओळ वाचा की. दोघांचंही माझ्याकडं लिहिलेलं होतं, मी एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही."

साहेबांनी झाडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. सात वर्षांत स्वतःला लाल लावणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

"भिंती कशाला फोडायच्या?" कॉम्प्युटर टीमची प्रमुख पोरगी म्हणाली. "लांब वायरवर बटण घ्या आणि उशाशी अडकवा. वायरची भेंडोळी आमच्याकडं पडून आहेत."

"उशाशी अडकवायला खुंट्या मी देतो," मिस्त्री पुटपुटला.

सगळ्यांनी मुकादमाकडं बघितलं. तो काहीच बोलला नाही. खिशातून टेप काढून बाहेर पडला. टक्केबाईंच्या जिवात जीव आला.

दोन दिवस तिघांच्या टीम एकाच मजल्यावर एकमेकांच्या पायात पाय घालून राबल्या. बेल बसली की ती खाटेवर आडवी होऊन हात लांब करायची. "बाई, झोपायचा पगार घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" मुकादम चिडवायचा. शुक्रवारी संध्याकाळी चाळिसावी बेल वाजली. साहेबांनी लाल खूण स्वतः काढली आणि रजेचा अर्ज तिच्या हातात ठेवला. "पळा आता," एवढंच म्हणाले.

शनिवारी पहिली गाडी पकडूनही लेकीच्या इस्पितळात पोचायला दुपारचा एक वाजला. नात अकरालाच आली होती. दोन तास, फक्त दोन तास! ती दारातच उभी राहिली. आत जायची हिंमत होईना.

"ये की आत," लेक म्हणाली. चेहरा दमलेला, डोळे सुजलेले.

"चुकलंच गं माझं. पुन्हा उशीर झाला."

"झालाच. दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते ना मी!" लेकीनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "सकाळी तुझे जावई औषध आणायला खाली गेले आणि एकदम कळ आली. खोलीत कुणी नाही. भीतीनं पाणी पाणी झालं माझं. बेल दाबली, तर नर्स धावतच आली. माझा हात धरून बसली." तिनं आईकडं बघितलं. "आई, तुमच्याकडं ज्या बाळंतपणाला येतील, त्यांचीही आई वेळेवर पोचेल असं थोडंच आहे?"

मग तिनं बाळाला आईच्या हातात दिलं, आणि टक्केबाई भरल्या खोलीत, नर्ससमोर, जावयासमोर, मनसोक्त रडल्या.