पाय वर, विष खाली

हॉलमध्ये ही गर्दी! ओळीने टब, टबात कोमट मिठाचं पाणी, पाण्यात लोखंडी कांड्या आणि पब्लिकचे पाय. शुद्धिगुरूंनी भिंतीवरचं बटण दाबलं की पाणी पिवळं, मग तपकिरी, मग थेट गटार!

"निघालं विष! हा फेस लिव्हरचा, हे काळे कण किडनीचे! सुया टोचून घेणं विसरा आता!"

मावशी खरंच विसरली होती. इन्सुलिन बंद, तळपायाची जखम चिघळलेली, तरी ही बया रोज टबात पाय सोडून खूश!

तिची भाची केमिस्ट्री शिकवायची. तिने पेपरात सरळ लिहिलं, "हे विष नाही, गंज आहे." झालं! गुरूंची अब्रू एवढी नाजूक की लगेच बदनामीची नोटीस. संपादकाने लेख गुंडाळला, वर माफी छापली. ओळखीचा डॉक्टर म्हणाला, "बरोबर आहे गं तुझं, पण माझं नाव नको." वकील दादा म्हणाला, "आता तोंडातून शब्द काढू नकोस."

"पण खरं आहे ना ते!"

"असेल. कोर्टात सिद्ध करेपर्यंत म्हातारी होशील."

मग तिने शब्द काढलाच नाही. मावशीसोबत गेली, शेजारच्या टबात पाय बुडवून बसली. गुरू पक्के कंजूष, सगळ्या टबांना मिळून एकच बटण! त्यांनी ते दाबलं आणि हिने पाय उचलून खुर्चीवर मस्त मांडी घातली.

टबात गटार तयार!

"अहो, हिचे पाय तर वर आहेत!" एक आजोबा ओरडले.

गुरू गडबडले. "ते... ती... नकारात्मक ऊर्जा! हवेतून उतरते!"

"मग माझ्या टबात कुणाचं उतरलं? तुमचं?" आजोबांनी विचारलं.

हॉल खो खो हसला. गुरू लालबुंद. "केस टाकीन हिच्यावर!"

"कसली? पोरगी बोललीय कुठे?" मावशीने पाय बाहेर काढले. जखमेकडे बराच वेळ बघत राहिली. "बोल गं आता. मी ऐकते."

"मिठाच्या पाण्यात लोखंडाला करंट दिला की गंज सुटतो, मावशी. पाय असोत नसोत. तुझी साखर अशी नाही उतरत."

"चल. आधी दवाखान्यात, मग घरी."

लेख अजून गुंडाळलेलाच आहे, बरं का! आणि शुद्धिगुरू आता दुसऱ्या गावात टब मांडतायत. ज्याच्याकडे पुरावा असतो तो पुरावा दाखवतो, हा नोटीस दाखवतो. औषधाबद्दल प्रश्न विचारला म्हणून कुणी कोर्टाची भीती घालत असेल, तर एवढंच करा. पाय बाहेर काढा आणि पाण्याकडे बघा.